एकतीस नोंदी आणि एक वास

आमच्या गावच्या माणसाकडून एखादी वस्तू घेताना ती तपासायची नसते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक पाळला जातो. वस्तू तपासली, तर तुम्ही त्या माणसावर, त्याच्या वडलांवर आणि वाडीतल्या सत्तावीस घरांवर संशय घेतलात असं होतं. मग मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत चहा तुमच्यापर्यंत येईस्तोवर थंड होतो.

या नियमामुळे आमच्या मीरा रोडच्या घरात एक पंखा आहे, जो फक्त तीनवर फिरतो. एक शिलाई मशीन आहे, जिच्यावर आता टीव्ही ठेवलाय. आणि खुद्द घर आहे. त्याच्या बेडरूमची खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या विंगचे ड्रेनेजचे पाइप दिसतात. घर दाखवणारा माणूस शेजारच्या वाडीतला होता. तो खिडकीपाशीच उभा होता, म्हणून बाबांनी खिडकी उघडून पाहिली नाही. त्याला आम्ही अजून दर दिवाळीला फराळ पाठवतो.

त्यामुळे २००६च्या सप्टेंबरात बाबा जेवताना म्हणाले, "आपला हरिश्चंद्र एक गाडी विकतोय," तेव्हा मी ताट बाजूला सारून वही घेतली.

गाडी आम्हाला हवीच होती. आईचे गुडघे गेले होते. एसटीची पहिली पायरी तिला चढता येत नव्हती आणि त्यामुळे चार वर्षं ती गावी गेली नव्हती. तिची आई संगमेश्वरच्या पुढे आमच्याच गावात होती, नव्वदीच्या घरात. फोनवर ती दर वेळी एकच विचारायची, "कवा येतेस गो?" साध्या मोटारीत खाली वाकून बसावं लागतं, जीपमध्ये वर चढावं लागतं. आईला मध्ये काहीतरी हवं होतं, सीट बरोबर कमरेच्या उंचीवर असलेलं. म्हणजे छोटी एसयूव्ही. चालवणार मी होते. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी गाडीपुरते बाजूला काढले होते. ते एकदाच खर्च होणार होते. ही गाडी फसली, तर दुसरी येणार नव्हती, आणि आईही जाणार नव्हती.

मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. डबे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचे आणि ठरलेल्या तासांनी कुठे किती गंज आला ते लिहायचं. गंज कालचा की वर्षापूर्वीचा, हे मला बऱ्यापैकी कळतं. आमच्या घरात या ज्ञानाचा उपयोग आजवर आईच्या तव्यापुरताच झाला होता.

जुनी गाडी घेताना काय काय बघावं, हे मी सायबर कॅफेत बसून वाचलं, कारखान्याच्या टेम्पो ड्रायव्हरला विचारलं आणि एकतीस मुद्द्यांचा तक्ता केला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला.

"ही वही तिकडे न्यायची नाही," ते म्हणाले.

"मग तपासू कशी?"

"तपासायचं कुठे आहे? बघायला चाललोय आपण."

"बाबा, नुसतं बघून काय कळणार?"

"आणि कळलं तरी तिथे बोलायचं नाही. हरिश्चंद्र मंडळाचा सेक्रेटरी आहे." मग बहुधा त्यांना माझी दया आली असावी. "तपासायचंच असेल, तर कौतुक केल्यासारखं तपास."

मी तक्ता एका कागदावर बारीक अक्षरात उतरवून पर्समध्ये ठेवला. सोबत कारखान्यातलं लोहचुंबक घेतलं, रुमालात गुंडाळून.

हरिश्चंद्र, म्हणजे आमचा हरीकाका, भाईंदर पश्चिमेला राहतो. तो नक्की काय करतो, हे मंडळात कुणालाच सांगता येत नाही, पण तो सगळं करून देतो. नळाचं कनेक्शन, शाळेचा दाखला, दारूबंदीवरच्या व्याख्यानाला वक्ता. गाडी त्याने भाईंदरजवळच्याच डोंगरी गावात एका ओळखीच्या वाडीत ठेवली होती. "उन्हाने रंग जातो ना बाय, म्हणून झाडाखाली ठेवलीय," तो म्हणाला होता. आम्ही स्टेशनवरून बसने डोंगरीला गेलो. आईला बसमध्ये चढवायला मी खालून आणि बाबा वरून, असे लागलो. ज्या कामासाठी गाडी हवी होती, ते काम करूनच गाडी बघायला जावं लागलं.

हरीकाका फाटकात उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला मंडळाचा बिल्ला.

"या काशीदादा. वयनी, सावकाश. बाय, किती दिवसांनी. अजून डबे धुतेस काय गो मिठाने?"

"अजून," मी म्हटलं.

"बघा दादा, शिकली पोर. आमच्या आळीत भांडी राखेने धुवायची, कोण पगार नाय द्यायचा."

बाबा हसले. गाववाल्याचा विनोदही तपासायचा नसतो.

गाडी आंब्याखाली उभी होती. गडद निळी, चकचकीत, आरशाला लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर गणपती. हरीकाकाने तिचं चरित्र सांगायला घेतलं. ठाण्याचे एक डॉक्टर. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. मुलगा परदेशात, म्हणून विकायची. सतरा हजार किलोमीटर फक्त. "डॉक्टरची गाडी म्हणजे काय, आजारीच नाय पडत," तो म्हणाला.

तेवढ्यात वाडीचा राखणदार रामू, विडी विझवत, फाटकाकडून आला. त्याने गाडीकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं.

"हीच घेताव?" त्याने विचारलं. "चालत आनलेली न्हाय हां ती. टोचन लावून आनली, श्रावनान."

"रामू, नारळ काढ जा तू," हरीकाका म्हणाला. मग आमच्याकडे वळून, "बॅटरी उतरली होती. उभी राहिली की उतरते ना."

रामू नारळ काढायला गेला. बाबांनी आंब्याच्या झाडाकडे बघून "यंदा मोहोर चांगला येईल" असं काहीतरी म्हटलं. मी मनात पहिली नोंद केली.

आता कौतुक. मी गाडीभोवती फिरत फिरत "रंग किती सुंदर आहे" म्हणत दारांवरून रुमाल फिरवायला लागले. वरच्या भागात चुंबक टपकन चिकटत होतं. दाराच्या खालच्या वीतभर पट्ट्यात त्याला काही आवडेना. चारही दारांना, एकाच उंचीपर्यंत. म्हणजे तिथे पत्र्याऐवजी पुट्टी होती, आणि चार दारांना एकाच उंचीवर धडक मारेल असं वाहन मला आठवेना.

"पुसायला लागलीस की काय?" हरीकाका म्हणाला. "स्वच्छ आहे गो ती."

"धूळ होती थोडी."

मग मी मागच्या कोपऱ्यावर हात टेकून जोरात रेलले आणि एकदम सोडलं. चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतील, तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही साडेतीन वेळा हलली. शाळेच्या प्रयोगशाळेतली स्प्रिंगसुद्धा इतकी मोकळी नव्हती.

"चक्कर आली काय?"

"ऊन आहे ना," मी म्हटलं.

टायरवर कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. चपलेचा पट्टा नीट करायला मी चार वेळा खाली बसले, चारही चाकांपाशी. प्रत्येकावर ३६०५. म्हणजे २००५ सालचा छत्तिसावा आठवडा, सप्टेंबर. त्या वर्षीची सव्वीस जुलै आठवडे मोजायला घेतली, तर तिसाव्यात येते. डॉक्टरांनी फक्त दवाखान्यापर्यंत चालवलेल्या गाडीचे चारही टायर एकदम बदलले होते, आणि ते मुंबई बुडाल्यानंतर सहा आठवड्यांनी बनलेले होते.

इथे मला गाडी जवळजवळ आवडायला लागली. कारखान्यातले डबे इतकं बोलत नाहीत.

आता आत जायचं होतं. सीटखाली बघायला काहीतरी पडणं भाग होतं, म्हणून मी कानातलं पाडलं. पुढच्या डाव्या सीटखाली नवं कार्पेट होतं, आणि त्याखाली सीट सरकवायच्या पट्ट्यांवर जुना, पापुद्रे सुटलेला गंज. कानातलं घालून मी पुन्हा पाडलं, उजवीकडे. तिथेही तेच. मागे पाडलं, तेव्हा जॅक ठेवायच्या खोबणीत बोट घातलं आणि ते वाळलेल्या गाळाने करडं होऊन बाहेर आलं. गाळ इतका बारीक होता, की बोटांच्या ठशांत बसला.

"बाय," हरीकाका खिडकीतून म्हणाला, "तुझ्या कानाला भोक आहे ना नक्की?"

"फिरकी सैल झालीय, काका."

"मग ठेव पर्समध्ये. गाडीपेक्षा तुझं कानातलंच जास्त चाललंय."

शेवटी मी सीटबेल्ट लावला. लावण्याआधी तो ओढला, आणि ओढतच राहिले, शेवटपर्यंत. रोज वापरात येतो तेवढा भाग धुतलेला होता. आत गुंडाळून राहतो तो शेवटचा हातभर पट्टा तपकिरी होता, आणि जिथे तपकिरी रंग संपत होता, तिथे रेघ होती, पट्टीने मारल्यासारखी. पाणी नेहमी सरळ रेघ मारतं. हरीकाकाने पॉलिश केलं होतं, सीट कव्हरं बदलली होती, कार्पेट घातलं होतं, गणपती बसवला होता. पण बेल्ट शेवटपर्यंत कुणी ओढत नाही, यावर त्याचा विश्वास होता.

दरम्यान आईने स्वतःची तपासणी केली होती. उभं राहवेना, म्हणून ती पुढच्या सीटवर बसली, दार लावून, काचा बंद. सीटची उंची तिच्या कमरेला अगदी बरोबर होती. तिने पाय आत घेतले, गुडघा न दुमडता, आणि तिचा चेहरा असा झाला की मला पर्समधला कागद जड वाटायला लागला. दहा मिनिटांनी ती उतरली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "गोधडीचा वास येतोय."

"कसला?"

"पावसात वाळली नाही की गोधडीला येतो तो. वर अगरबत्ती लावलीय, पण खाली आहे."

"नक्की? किती येतोय?"

"किती म्हणजे काय? येतोय."

ही नोंद मी केली नाही. वासाला मोजमाप नसतं आणि मला खात्रीच्या गोष्टीच लिहायच्या होत्या. आईच्या नाकाला एकतीस मुद्द्यांत रकाना नव्हता.

मी आंब्यामागे जाऊन कागद भरला. हरीकाका नारळाचं पाणी ग्लासात ओतत होता, तेवढ्यात मी कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. सगळ्यात खाली मी लिहिलं होतं, 'सव्वीस जुलैच्या पाण्यात होती. घाटात बंद पडेल.' त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिला.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

"बाबा."

"वाचलं मी. पण हे त्याला कसं सांगणार? माझ्या बापाच्या तिरडीला त्याच्या बापाने खांदा दिलाय."

"मग घेणार तुम्ही?"

शर्टाच्या आतल्या खिशावर त्यांचा हात गेला. तिथे चेकबुक होतं. मला ती खिडकी आठवली आणि तिच्याबाहेरचे पाइप. बाबा आता दुसऱ्यांदा न उघडलेल्या खिडकीतून आयुष्यभर बघणार होते, आणि या वेळी आईसुद्धा.

नारळपाणी पिऊन झालं. हरीकाकाने हात पुसले.

"मग दादा? आपल्यात घासाघीस नाय. तुम्ही म्हणाल ते."

"गाडी छान आहे," बाबा म्हणाले. "आमच्या हिला सीट बरोबर बसते. फक्त एक कर हरी. आपल्याकडे मोठी वस्तू देवीला दाखवल्याशिवाय घरात घेत नाहीत."

"दाखवा ना. घेतली की घेऊन जा गावी."

"घेतल्यावर दाखवून काय उपयोग? तूच चालव. दसऱ्याला आपण सगळेच जाऊ. वाघजाईच्या उंबऱ्यावर नारळ ठेव आणि एवढंच म्हण, की ही गाडी पाण्यात नव्हती. तिथेच चेक लिहितो."

हे बाबा इतक्या साधेपणाने म्हणाले, की रस्त्यात वडापाव कुठे खायचा ते ठरवतायत असं वाटावं.

हरीकाका हसला. मग हसू तसंच ठेवून त्याने टायरकडे पाहिलं.

"दसऱ्याला मला जमायचं नाय, दादा. मंडळाचा कार्यक्रम आहे."

"मग दिवाळीत."

"दिवाळीत सासुरवाडी."

"हरकत नाही. शिमग्याला जाऊ. तोपर्यंत थांबतो मी."

शिमग्याला आमच्या गावचा माणूस नोकरी सोडतो, पण गावी जायचं सोडत नाही. देवीची पालखी घरोघर फिरते, आणि ती कुणाच्या खांद्यावरून कधी जायची, ते ठरवणाऱ्यांत मंडळाचा सेक्रेटरी असतो. शिमग्याला येत नाही, असं म्हणायला हरीकाकाला तोंड नव्हतं. तो भाईंदरमध्ये आम्हाला, आरटीओला, त्या डॉक्टरला, कुणालाही काहीही सांगू शकत होता. नारळ ठेवून मात्र नाही. मला हे कुतूहलाचं वाटलं. माझ्या एकतीस पुराव्यांपुढे त्याची पापणी हलली नसती, आणि तीनशे किलोमीटरवरच्या एका दगडी उंबऱ्यापुढे त्याला घाम आला होता.

"खरं सांगू काय काशीदादा," तो शेवटी म्हणाला, "ही गाडी तुमच्यासाठी नाय. वयनींना सीट उंच होईल."

"तसं म्हणतोस?"

"माझं ऐका. मी दुसरी बघतो तुमच्यासाठी."

"बरं, तू म्हणतोस तर," बाबा म्हणाले. कुणीही कुणावर संशय घेतला नव्हता. सत्तावीस घरांची अब्रू जागच्या जागी होती.

आम्ही फाटकाकडे निघालो, तेव्हा त्याने मला हाक मारली.

"बाय, तो कागद दे बघू."

"कुठला?"

"आंब्यामागे लिहिलास तो. मी काय आंधळा आहे?"

मी बाबांकडे पाहिलं.

"दे त्याला," बाबा म्हणाले. "गाववाल्याला नाही कशाला म्हणायचं?"

मी दिला. हरीकाकाने तो तिथेच, ओठ हलवत, वाचला. रागावला नाही. उलट, मध्येच एकदा मान डोलावली, जशी आमचे मॅनेजर चांगल्या अहवालावर डोलावतात.

बसमध्ये मी बाबांना विचारलं, "देवीचं तुम्हाला आधीच सुचलं होतं?"

"सुचायचं काय त्यात? देवीला न विचारता गाडी घेणार होतो का मी?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आई दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. बाबांचा चेहरा मी स्टेशन येईपर्यंत बघत होते. काहीही कळलं नाही.

तीन आठवडे गेले. रविवारी सकाळी मी नया नगरच्या बाजूला चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेले होते. दुकानासमोर निळी गाडी उभी होती, काचेवर 'विकणे आहे'. मी जवळ गेले. डोंगरीला हेडलाइटच्या काचेआड मला जी वाफ दिसली होती, ती गेली होती. खाली बसून पाहिलं, तर टायरवर वेगवेगळे आकडे होते, एकही २००५चा नाही. दार उघडंच होतं. सीटबेल्ट नवे, शेवटपर्यंत नवे. सीटच्या पट्ट्यांना काळा रंग. जॅकच्या खोबणीत बोट घातलं, ते स्वच्छ बाहेर आलं. कोपरा दाबला, तर गाडी एकदा वर आली आणि थांबली. माझा कागद त्याने परीक्षेच्या गाइडसारखा वापरला होता. एकतीसपैकी एकतीस.

"अरे, ही बघा आमची समिधा," मागून हरीकाका आला. त्याच्यासोबत एक तरुण जोडपं होतं. नवरा बॉनेटमध्ये डोकं घालायच्या तयारीत, बायकोच्या हातात पाण्याची बाटली. "हे कौस्तुभ, ह्या सुरुचीताई. अलिबागकडचे. बाय आमची सायन्सवाली, मशीनवर तपासणी करते. हिने स्वतः चेक केलीय ही गाडी. एकतीस पॉइंट. सांग गो."

अलिबाग म्हणजे वाघजाईच्या हद्दीबाहेर. तिथल्या माणसाशी काय बोलावं, यावर आमच्या देवीचं काही म्हणणं नाही.

"खरंच तुम्ही तपासलीय?" सुरुचीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"काही सापडलं?"

हरीकाका माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत धमकी नव्हती, नुसती खात्री होती. गाववाल्याबद्दल गाववाला परक्यापुढे बोलत नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग आहे. घरी बाबा होते, बैठक होती, थंड चहा होता. आणि सापडलं होतं त्यातलं आता दाखवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

मग मला आठवलं, की एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

"गाडीबद्दल काकाच सांगतील," मी सुरुचीला म्हटलं. "पण कुठलीही जुनी गाडी घेताना माझी आई एक करते. चारही काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवायची. मग आत बसायचं, दार लावून, आणि नाकाने श्वास घ्यायचा."

"एवढंच?"

"एवढंच."

साडेअकरा झाले होते. ऑक्टोबरचं ऊन थेट टपावर पडत होतं.

"अर्धा तास कशाला उकडत बसता," हरीकाका म्हणाला. "बसा ना, एसी लावतो. एसी फर्स्ट क्लास आहे."

"नको," सुरुची म्हणाली. "एसी नको. कौस्तुभ, काचा वर कर."

मी काडी बसवलेला चष्मा लावला आणि निघाले. मागे हरीकाका सांगत होता, की इतक्या उन्हात रंग जातो. कौस्तुभ एकेका दाराच्या काचेचा दांडा फिरवत होता. मी चौथी काच बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत हळूहळू चालले.